घोंगडी धुवावी कशी, जपावी कशी



‘भिजत घोंगडं’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. सातबाऱ्यावरची नोंद अडली, भावकीतला बांध मिटेना, की आपण म्हणतो, घोंगडं भिजत पडलंय. म्हणजे काम खोळंबलं, एवढाच अर्थ आपण घेतो. पण खरोखरीची घोंगडी रात्रभर भिजत ठेवली तर तिचं काय होतं, हे मी माझ्या हातानं करून पाहिलेलं आहे. आजचं भाषण त्या चुकीवरूनच सुचलं.

आमचं गाव कुंभवली, बोईसरजवळचं. आजोबांनी घाटावरच्या एका मेंढपाळाकडून काळी घोंगडी घेतली होती. थंडीत अंगावर, पावसाळ्यात डोक्यावर खोळ, आणि घरात बैठक बसली की पाहुण्यांच्या खाली तीच. आमच्या आत्यांच्या सुपाऱ्या त्याच घोंगडीवर फुटल्या. आजोबा गेले, आणि वीसेक वर्षांपूर्वी एका शिमग्यात मला वाटलं, ही आता स्वच्छ करून ठेवावी. पत्र्याच्या टबात कढत पाणी घेतलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला, घोंगडी बुडवली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पायांनी तुडवली, दगडावर धोपटण्यानं धोपटली, पिळली आणि तारेवर टाकली. वाळल्यावर पाहतो तर घोंगडी आखडून पोराच्या अंगाला पुरेल एवढी झालेली, पुठ्ठ्यासारखी ताठ, आणि मधे दोन ठिकाणी बोट जाईल अशी भोकं. आई काही बोलली नाही. तिनं ती उचलली आणि गोठ्यात पारडाच्या अंगावर टाकली.

तुमच्या घरात अशी एखादी घोंगडी असेल तर तिच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून पुढच्या गोष्टी सांगतो.

आधी एक ध्यानात घ्या. घोंगडी म्हणजे कापड खरं, पण कापसाचं नव्हे. लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्याकडची दख्खनी मेंढी बहुतेक काळी, तिची लोकर जाडीभरडी, तलम शालीला निरुपयोगी पण घोंगडीला उत्तम. घाटावर ती कातरतात, पिंजतात, हातानं सूत काढतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात आणि खड्ड्याच्या मागावर पट्टे विणतात. सणगर आणि खुटेकर धनगर यांचा हा पिढीजात धंदा. दोन पट्टे मधोमध जोडले की घोंगडी झाली. तेव्हा जे आपण आपल्या डोक्याच्या केसांना करणार नाही, ते घोंगडीला करू नये. कोणी डोक्याला धुण्याचा सोडा लावतं का? कढत पाण्यात केस शिजवतं का?

आता ती आखडते का? भाताचं कुसळ सदऱ्याच्या बाहीत शिरलं की ते वर वरच चढत जातं, मागे येत नाही, हे आपण प्रत्येकानं अनुभवलेलं आहे. लोकरीच्या केसावर तशीच बारीक खवलं असतात, डोळ्यांना न दिसणारी, सगळी एकाच दिशेला. गरम पाण्यात आणि साबणात केस फुगतो, खवलं उघडतात. त्यात आपण चोळलं, तुडवलं, धोपटलं की एकेक केस कुसळासारखा पुढे सरकतो, दुसऱ्यात अडकतो आणि मागे येतच नाही. सगळी वीण आवळून गोळा होते. काश्मीरचा नमदा याच युक्तीनं, मुद्दाम गरम पाणी आणि साबण घालून, लोकर चोळून करतात. तिथं ती कारागिरी, आपल्या टबात तो घात. एकदा आवळलेली घोंगडी पुन्हा सैल होत नाही. कोणी काही औषध सांगितलं तर पैसे घालवू नका.

आणि भोकं पडली ती सोड्यानं. क्षार लोकर खातो. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, चुलीच्या राखेचं पाणी, स्वस्तातला जहाल साबण, सगळ्यांची जात एकच. कॉस्टिक कडक असेल तर लोकर अक्षरशः विरघळते. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणि कपडे पांढरे करायची पाणीवजा औषधंही लोकरीला वर्ज्य. बाजारात हल्ली ‘डाग खाऊन टाकणाऱ्या’ धुण्याच्या पावडरी आल्या आहेत. रक्ताचे, अंड्याचे डाग त्या खरंच खातात, कारण त्यातला घटक प्रथिनावर जगतो. पण लोकर स्वतःच प्रथिन आहे, तेव्हा डागाबरोबर घोंगडीही जाते.

मग धुवायची कशानं? रिठ्यानं. आपल्या आज्या केस धुवायच्या त्याच रिठ्यानं. एका घोंगडीला पाव किलो टरफलं पुरतात. बी काढून टाका, टरफलं रात्रभर पाच लिटर पाण्यात भिजवा, सकाळी थोडा वेळ उकळा, कुस्करा, फडक्यातून गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. भिजत ठेवायचं ते रिठ्याला, घोंगडीला नव्हे. रिठ्याचा आणखी एक फायदा आपल्या किनारपट्टीला आहे. आपल्याकडे पुष्कळ विहिरींचं पाणी मचूळ. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा चिकट साका होऊन लोकरीत बसतो. रिठ्याचा साका होत नाही. मात्र शेवटच्या खळबळीला गोडं पाणी मिळवाच. मीठ लोकरीत राहिलं तर पावसाळ्यात ती हवेतली ओल ओढते आणि वाळता वाळत नाही.

रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार चुरचुरतं. आणि ते ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका, मासे मरतात. पूर्वी काही ठिकाणी मासे धरायलाच रिठा वापरायचे. ते पाणी नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडा.

धुण्याची वेळ कोणती? वर्षातून एकदा पुरे, आणि तीही घोंगडी खरोखर मळली असेल तर. थंडी सरली, शिमगा झाला, की फाल्गुन-चैत्रात. हवा कोरडी, ऊन चांगलं, आणि यानंतर घोंगडी बांधून ठेवायची असते. मळकी घोंगडी बांधून ठेवणं म्हणजे कसरीला जेवायला बोलावणं. त्याबद्दल पुढे सांगतो.

धुण्याआधी घोंगडी आडव्या बांबूवर टाका आणि वेताच्या छडीनं हलक्या हातानं झटका. दोन्ही बाजूंनी. किती माती निघते ते पाहून तुम्हीच थक्क व्हाल. चिखल लागला असेल तर ओला असताना हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग ब्रशानं किंवा नारळाच्या सोडण्यानं विणीच्या दिशेनं झाडा. निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं आणि धुवायची गरज उरत नाही.

काठ रंगीत असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर ती घोंगडी पाण्यात बुडवू नका, नुसती पुसून घ्या. काळ्या मेंढीचा काळा रंग जन्माचा, तो जात नाही.

आता टबात गार पाणी घ्या. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना आपण कोपर बुडवून पाहतो ना, तसं पाहा. कोपराला गरम लागता कामा नये. त्यात रिठ्याचं पाणी मिसळा, घोंगडी घडी सोडून बुडवा आणि तळहातानं वरून दाबा, सोडा, दाबा, सोडा. चोळायचं नाही, तुडवायचं नाही, धोपटणं तर घरातच ठेवा. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मग पाणी सोडून द्या आणि साध्या पाण्यातून तीन-चार वेळा काढा. ही पाणी सगळी सारखीच गार हवीत. एक कोमट, एक थंडगार असं केलंत तर तेवढ्यानंही ती आखडते. शेवटच्या पाण्यात बादलीला एका लिंबाचा रस घातला तर लोकर मऊ राहते. पहिल्या धुण्यात चिंचोक्याची खळ बरीचशी निघून जाते आणि घोंगडी सैल, मऊ वाटते. बिघडली असं समजू नका. उलट मुलं आता ती अंगावर घ्यायला कुरकुर करणार नाहीत.

ओल्या घोंगडीचं वजन फार होतं. एका टोकाला धरून उचलली तर तिच्याच वजनानं ती ताणते आणि मधला जोड उसवतो. दोघांनी मिळून, खालून हात घालून उचला. पिळू नका. उताराला ठेवलेल्या फळीवर दुमडून ठेवा, पाणी निथळू द्या, मग जुन्या धोतरात किंवा साडीत गुंडाळून दाबा. वाळवायला तार नको, दोरी नको. बाजेवर सपाट पसरा, खालून वारा लागला पाहिजे. बाज नसेल तर पेंढ्यावर चादर घालून तिच्यावर. हातानं ओढून चारी कोपरे सरळ करा, कारण ती जशी वाळेल तशीच बसेल. पहिला दिवस सावलीत, दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन. धुण्याच्या यंत्रात घोंगडी घालू नका, मग यंत्र कितीही महागाचं असो.

काही डागांचं. रक्त असेल तर लगेच गार पाणी. तेल सांडलं तर तांदळाचं पीठ भुरभुरून दोन तास ठेवा आणि झाडा, दोन-तीनदा करा, पाणी लावू नका. पोरानं लघवी केली तर तेवढाच भाग गार पाण्यानं आणि मग लिंबाच्या पाण्यानं टिपा, कारण तोच भाग कसर पहिल्यांदा धरते.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेला कोरड म्हणून नसते. लावणीच्या वेळी कोणी अजून घोंगडीची खोळ घेत असेल, त्याला ठाऊक आहे की भिजली तरी तिच्यात ऊब राहते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. मेंढीच्या अंगचं मेण लोकरीत असतं, त्यामुळे पाण्याचे थेंब वरून ओघळतात. साबणानं वारंवार धुतली तर ते मेण जातं आणि तीच घोंगडी पाणी पिऊ लागते. पण हाताला ओली लागत नाही म्हणून ती वाळली असं नव्हे. संध्याकाळी घरी आलात की घडी घालून कोपऱ्यात टाकू नका. दांडीवर पसरून टाका, चुलीच्या जवळ पण आगीवर नव्हे. लोकर सहज पेट घेत नाही, ठिणगी पडली तर विझते, हे खरं. पण उष्णतेनं ती ठिसूळ होते. नव्या घोंगडीत खळ असते आणि ओल मिळाली की त्या खळीवर बुरशी येते. पांढरे ठिपके, कुबट वास. दिसली तर उघडीप मिळताच उन्हात टाका, वाळल्यावर घराबाहेर नेऊन ब्रशानं झाडा. तोंडाला फडकं बांधा.

आता कसर. याच्यावर थोडं जास्त बोलतो, कारण धुण्यानं जेवढ्या घोंगड्या गेल्या नसतील तेवढ्या कसरीनं गेल्या.

दिव्याभोवती फिरतो तो किडा हा नव्हे. कसरीचा पतंग लहान, मळकट सोनेरी, आणि उजेडाला पाठ फिरवणारा. तो स्वतः काही खात नाही. मादी घड्यांच्या आत, अंधारात, चाळीस-पन्नास अंडी घालते. त्यातून पांढरी अळी निघते, ती लोकर खाते. घाम, लघवी, सांडलेलं अन्न जिथं असेल तिथं आधी. ट्रंकेत घोंगडी ठेवली आणि वर्षभर उघडली नाही, यापेक्षा तिला दुसरं काय हवं?

उपाय साधा आहे, पण तो करायचा कंटाळा येतो. दर दोन महिन्यांनी घोंगडी बाहेर काढा, उन्हात उलटसुलट करा, झटका, घड्यांच्या रेघा आणि शिवणीचा जोड ब्रशानं साफ करा, आणि परत ठेवताना घडी वेगळ्या जागी मोडा. अंडी अशानं गळून पडतात, अळीला उजेड सोसत नाही. कसर लागलेलीच दिसली तर एप्रिल-मेच्या उन्हात आणखी एक करता येतं. घोंगडी कडकडीत वाळवा, काळ्या प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळा आणि भर दुपारी पत्र्यावर किंवा सिमेंटच्या खळ्यावर तीन-चार तास ठेवा, मधे उलटा. आत इतकी उष्णता होते की अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. ओली घोंगडी मात्र अशी कधीही गुंडाळू नका, शिजेल. संध्याकाळी कागद काढून टाका. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा करा. वस्तुसंग्रहालयांत जुनी लोकरीची वस्त्रं जपायला हीच युक्ती करतात, किंवा उलट, आठवडाभर कडक गोठणीत ठेवतात.

कडुनिंबाचा पाला, निर्गुडी, वेखंड यांच्या पुरचुंड्या घालाव्यात की नाही? घाला. वासानं पतंग थोडा दूर राहतो. पण आत शिरलेली अळी त्यानं मरत नाही. पाला घातला म्हणून ऊन चुकवलं असं होऊ नये.

आणि इथं मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. शेतातलं कीटकनाशक घोंगडीवर मारू नका. पूर्वी भातावर मारायची बीएचसीची भुकटी लोक गोधड्या-घोंगड्यांत सर्रास भुरभुरत. माळ्यावर एखादा जुना पुडा अजून सापडेलही. ती भुकटी आपल्या देशात १९९७ पासून बंद आहे, आणि उगाच नाही. ती अंगात साठते, वर्षानुवर्षं जात नाही. ज्या वस्त्राला रात्रभर नाक लावून निजायचं, त्याच्यात विष कशाला?

डांबरगोळ्यांचंही तसंच. बंद ट्रंकेत त्या काम करतात, उघड्या फडताळात नुसता वास येतो. पण घरात तान्हं मूल असेल तर त्याच्या पांघरुणात डांबरगोळी नकोच. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो, डॉक्टर त्याला जी-६-पी-डीची कमतरता म्हणतात. अशा बाळाला डांबरगोळीच्या वासाच्या कपड्यात गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटतात, बाळ पिवळं पडतं, लघवी गडद होते. असं दिसलं तर घरगुती उपाय करत न बसता लगेच दवाखान्यात न्या आणि डांबरगोळी वापरली होती हे डॉक्टरांना सांगा. आपल्या घरातल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे आधी कोणाला ठाऊक असतं?

ठेवायची कशात? पत्र्याच्या ट्रंकेत, म्हणजे उंदीर लागत नाही. खाली दोन विटा, भिंतीपासून वीतभर लांब. घोंगडी जुन्या सुती साडीत बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आपल्या दमट हवेत आत घाम धरतो.

नवी घ्यायची असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. आठवडा बाजारात ‘घोंगडी’ म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं यंत्रावर विणलेलं, चिंध्यांच्या धाग्याचं किंवा प्लॅस्टिकच्या जातीच्या धाग्याचं असतं. कडेचे दोन-चार धागे मागून घ्या आणि बाजूला नेऊन काडीनं पेटवा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो, आग काढली की विझते, आणि राहिलेली काळी राख बोटानं चुरडते. धागा वितळून कडक मणी झाला तर ती लोकर नव्हे. विकणारा चिडला तर समजून जा. घाटावर आज दख्खनी लोकरीला भाव उरलेला नाही, पुष्कळ मेंढपाळांना कातरणीची मजुरीही सुटत नाही आणि लोकर टाकून द्यावी लागते. पुण्याला मेंढी व शेळी विकासाचं सरकारी महामंडळ १९७८ पासून आहे, तरी हातमागावरचा विणकर कमी होत चालला आहे. तेव्हा खरी घोंगडी महाग वाटली तर घासाघीस जरा हात राखून करा. भातकापणीनंतर घाटावरचे मेंढपाळ कोकणात उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात. त्यांना विचारलंत तर कोणत्या गावी माग चालू आहे ते ते नेमकं सांगतात. आमची दुसरी घोंगडी अशीच आली.

फाटली, उसवली तर वाट पाहू नका. बोटभर भोक एका पावसाळ्यात हातभर होतं. सुती दोऱ्यानं शिवू नका, तो लोकरीला कापतो. घोंगडीच्या टोकाला दशा असतात, त्यातल्याच चार काढा, पीळ देऊन दाभणात ओवा आणि भोकाच्या चारी बाजूंना चांगल्या विणीत दोन बोटं आत शिरून आधी उभे, मग आडवे धागे भरा. फार ओढू नका, नाहीतर तिथं चुणी पडते. मधला जोड उसवला असेल तर काठाला काठ लावून, आतून. माझ्या आईनं नव्या घोंगडीवर असं एक ठिगळ भरलं आहे, ते कुठं आहे हे आता मलाही उजेडात धरल्याशिवाय सापडत नाही.